हसरा देवदूत आणि पायांखालची शिला

आपल्या धर्मग्रामांतून युरोपच्या तीर्थयात्रा निघणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. लूर्ड्स, लिझ्यू, फातिमा, रोम ही नावे आपल्या घरांतून शेजारच्या गावांच्या नावांइतक्या सहजतेने उच्चारली जातात. वर्षानुवर्षे काटकसर करून चार पैसे गाठीला बांधायचे आणि निवृत्तीनंतर पतिपत्नींनी मिळून एकदा तरी ही यात्रा करायची, असे स्वप्न उराशी बाळगणारी कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात आढळतील. त्यांच्या श्रद्धेविषयी आमच्या मनात शंका नाही. आमचे भांडण आहे ते पाहण्याच्या एका पद्धतीशी. आणि ती पद्धत यात्रेचे नाव लावून आपल्या गळी उतरवली जाते, याच्याशी. हे भांडण मोघम मांडण्यापेक्षा एका शहराच्या आधाराने मांडणे बरे. ते शहर म्हणजे फ्रान्समधील रँस. इंग्रजी पुस्तकांतून आपण त्याला ‘रीम्स’ म्हणून ओळखतो.

पॅरिसच्या ईशान्येस, शॅम्पेन प्रांतात, खडूच्या पांढऱ्या दगडावर हे शहर वसले आहे. भोवतालच्या उतारांवर द्राक्षमळे पसरले आहेत. २००७ पासून पॅरिसहून वेगवान आगगाडी पाऊण तासात येथे पोहोचते. त्यामुळे अर्ध्या दिवसाची फेरी म्हणून हे शहर सोयीचे ठरले आहे. या अर्ध्या दिवसाचा साचाही ठरून गेला आहे. सकाळी देवमातेच्या नावाने उभ्या असलेल्या कॅथेड्रलसमोर उतरायचे. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक येथे होत, हे गाईडच्या तोंडून ऐकायचे. दर्शनी भागावरील हसऱ्या देवदूतासमोर उभे राहून छायाचित्र काढायचे. मग एखाद्या मद्यनिर्मात्याच्या तळघरात उतरून हाती चषक घ्यायचा आणि बसमध्ये बसायचे. राजे आणि शॅम्पेन! रँस पाहून झाले!

आमचे म्हणणे असे की, या साच्यात रँसमधील सर्वांत कमी महत्त्वाच्या दोन गोष्टी दाखवल्या जातात आणि ख्रिस्ती माणसाने ज्यासाठी तेथवर जावे, नेमके तेच झाकून ठेवले जाते. रँस हे राजांचे शहर नव्हे. ते घायाळ झालेले आणि क्षमा शिकलेले शहर आहे.

प्रथम राजांचा विचार करू. इ. स. ५०० च्या सुमारास रँसचे बिशप संत रेमी यांनी फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस याला नाताळच्या दिवशी स्नानसंस्कार दिला. या घटनेला पंधराशे वर्षे झाली म्हणून १९९६ च्या सप्टेंबरात पोप जॉन पॉल दुसरे स्वतः रँसला आले होते. तो स्नानसंस्कार ही ख्रिस्तसभेच्या इतिहासातील मोठीच घटना, यात वाद नाही. पण पुढे त्या स्नानसंस्काराचे रूपांतर राजसत्तेच्या दाखल्यात झाले. कबुतराने स्वर्गातून तेलाची कुपी आणल्याची आख्यायिका रचली गेली. ८१६ साली सम्राट लुई याला पोप स्टीफन चौथे यांनी येथे मुकुट घातला आणि त्यानंतर फ्रान्सच्या बहुतेक राजांना याच शहरात अभिषेक होत राहिला. १७ जुलै १४२९ रोजी संत जोन ऑफ आर्क हिने सातव्या चार्ल्सला याच वेदीपाशी आणून उभे केले.

ही कथा सांगताना गाईडचा आवाज चढतो आणि आपल्या यात्रेकरूंची छाती फुगते. जणू काही हे सारे ख्रिस्तसभेचे वैभव! आम्हांला विचारावेसे वाटते की, कथा येथेच का थांबवता? जिच्यामुळे मुकुट मिळाला ती जोन पुढच्याच वर्षी शत्रूच्या हाती सापडली, तेव्हा या अभिषिक्त राजाने तिला सोडवले नाही. १४३१ साली धर्मन्यायालयाने तिला दोषी ठरवले आणि रूआँ येथे तिला जिवंत जाळण्यात आले. तीच कुमारिका १९२० साली संतपदास चढली. ती पवित्र तेलाची कुपी १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी रँसच्याच चौकात फोडली. १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्सने ती परंपरा पुन्हा उभी केली, आणि पाचच वर्षांत त्याला सिंहासन सोडून पळावे लागले. तेलाने राजा होतो, राज्य टिकत नाही. सिंहासन आणि वेदी यांची गाठ मारल्याने सिंहासनाचे काय व्हायचे ते झाले. वेदीचे मात्र पुष्कळ नुकसान झाले. ज्यांनी स्नानसंस्कार दिला ते संत रेमी कॅथेड्रलपासून थोड्याच अंतरावर, आपल्या नावाच्या बॅसिलिकेत विसावले आहेत. १०४९ साली पोप लिओ नववे यांनी तिचे पवित्रीकरण केले. अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमात त्या समाधीला सहसा जागा नसते. राजांच्या यादीला असते!

आता त्या दिवसाकडे वळू, जो आमच्या मते या कॅथेड्रलच्या आठशे वर्षांतील सर्वांत मोठा दिवस आहे. तो राज्याभिषेकाचा दिवस नाही.

१९१४ चा सप्टेंबर महिना. पहिले महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. जर्मन सैन्य रँसमध्ये शिरले आणि काही दिवसांतच माघार घेऊन शहराबाहेरच्या टेकड्यांवर तोफा रोखून बसले. मागे राहिलेल्या जखमी जर्मन सैनिकांना कॅथेड्रलमध्ये पेंढ्याच्या बिछान्यांवर ठेवण्यात आले होते. मनोऱ्यांवर रेडक्रॉसचा ध्वज फडकत होता. १९ सप्टेंबरला तोफगोळे पडले. उत्तरेकडील मनोऱ्याभोवती दुरुस्तीसाठी बांधलेली लाकडी परांची पेटली. आग छपरात शिरली. शतकानुशतकांचे ओक वृक्षाचे लाकूड जळाले, छपरावरचे शिसे वितळले आणि पन्हळींच्या दगडी मुखांतून ओघळू लागले. आत पेंढा पेटला.

त्या वेळी कॅथेड्रलचे मुख्य धर्मगुरू मॉरिस लांद्रिये आणि त्यांचे सहकारी आत शिरले. आगीतून ते शत्रूच्या जखमी सैनिकांना बाहेर काढू लागले. सर्वांना वाचवता आले नाही. काही जण आतच गेले. पण जे बाहेर आले त्यांच्यापुढे दुसरे संकट उभे होते. आपले घरदार आणि आपले कॅथेड्रल डोळ्यांदेखत जळताना पाहून बेभान झालेला जमाव दारात सूडासाठी उभा होता. धर्मगुरू त्या जखमींच्या आणि जमावाच्या मध्ये उभे राहिले. शत्रूच्या छातीसमोर त्यांनी आपली छाती धरली.

वाचकहो, ज्या दारांतून राजे मुकुट घालून वाजतगाजत बाहेर पडत, त्याच मंदिराच्या दारांतून त्या दिवशी रक्ताळलेले, असहाय शत्रू बाहेर आले आणि धर्मगुरू त्यांची ढाल झाले. शत्रूवर प्रीती करा, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. ते प्रत्यक्षात घडताना कसे दिसते, हे दाखवणारी जागा या पृथ्वीवर जर कोठे असेल तर ती ही. आणि आपण तिच्यासमोर उभे राहून काय विचारतो? मनोऱ्याची उंची किती? ८१ मीटर. पुतळे किती? तेवीसशेहून अधिक. हे आकडे सांगायला गाईड कशाला हवा?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हेच लांद्रिये युद्धानंतर कॅथेड्रलच्या विध्वंसावर एक पुस्तक लिहिते झाले आणि त्याच्या नावातच त्यांनी या विध्वंसाला जर्मन गुन्हा म्हटले. यात आम्हांला विसंगती दिसत नाही. अन्यायाला अन्याय म्हणणे आणि अन्याय करणाऱ्याचा जीव वाचवणे या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात राहू शकतात. क्षमा म्हणजे विस्मरण, अशी सोयीची समजूत आपल्यात रूढ आहे. भावाभावांच्या तंट्यात आपण एकमेकांना ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगतो. रँस सांगते की, विसरू नका. तरीही मारू नका.

आता त्या देवदूताकडे पाहू. पश्चिमेकडील दर्शनी भागात, उत्तरेच्या दारापाशी तो उभा आहे. तेराव्या शतकाच्या मध्यास कोणा अनामिक कारागिराने तो घडवला. त्याचे स्मित जगप्रसिद्ध आहे. टपालपत्रांवर, चॉकलेटच्या डब्यांवर ते छापले जाते. परंतु १९१४ च्या त्या आगीत जळती परांची कोसळली आणि या देवदूताचे मस्तक तुटून खाली पडले. त्याचे तुकडे झाले. एका धर्मगुरूने ते तुकडे वेचून जपून ठेवले, आणि १९२६ साली सांधलेले मस्तक पुन्हा धडावर बसवण्यात आले. म्हणजे आपण ज्याचे छायाचित्र काढतो ते सांधलेले स्मित आहे. त्याचे मोल त्या सांध्यांत आहे. सांध्यांची कथा वगळून केवळ स्मित विकणे म्हणजे क्रूस वगळून पुनरुत्थान विकण्यासारखे आहे.

आणि केवळ देवदूतच नव्हे, सारे कॅथेड्रलच सांधलेले आहे. चार वर्षे तोफगोळे पडत राहिले आणि शहराचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला. युद्धानंतर रँसचाच सुपुत्र असलेला वास्तुविशारद आंरी देनो याने कॅथेड्रल पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले. जुन्या लाकडी छपराच्या जागी त्याने काँक्रीटचे लहान लहान तुकडे घडवून ओकच्या खुंट्यांनी एकमेकांत बसवले. अमेरिकेतील धनिक जॉन रॉकफेलर यांनी मोठा निधी दिला. १९३८ मध्ये दारे पुन्हा पूर्णपणे उघडली; आणि पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

त्या युद्धाचा युरोपातील शेवटही रँसमध्येच लिहिला गेला. ७ मे १९४५ च्या पहाटे शहरातील एका शाळेच्या इमारतीत जर्मनीने शरणागतीवर सही केली. ती खोली आजही जतन केली आहे. पण शरणागती म्हणजे समेट नव्हे. समेटासाठी आणखी सतरा वर्षे जावी लागली. ८ जुलै १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर या कॅथेड्रलमध्ये शेजारी शेजारी मिस्सेला उभे राहिले. कॅथेड्रलसमोरच्या अंगणात त्या दिवसाची आठवण सांगणारी एक शिला जमिनीत बसवलेली आहे. आपले यात्रेकरू मान वर करून देवदूताला शोधतात तेव्हा ती शिला त्यांच्या पायांखाली असते.

कोणी म्हणेल, ते तर राजकारण होते. दोन पुढाऱ्यांनी सोय पाहिली. राजकारण होते, हे मान्य. पण सोय पाहायची तर करारावर सही करायला एखादा राजवाडा पुरला असता. ज्या कॅथेड्रलवर एकाच्या देशाने तोफा डागल्या, तेथेच दोघांनी एका वेदीसमोर यावे, यात सोयीपेक्षा अधिक काही आहे. आणि ही गोष्ट पुढाऱ्यांबरोबर संपली नाही. २०११ मध्ये जर्मन चित्रकार इमी क्नोबेल याने घडवलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या या कॅथेड्रलमध्ये बसल्या. १९७४ साली तेथेच बसलेल्या मार्क शागाल यांच्या निळ्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना त्या आहेत. शागाल ज्यू होता, क्नोबेल जर्मन. एका देवमातेच्या मंदिरात त्यांच्या काचांतून येणारा प्रकाश एकाच फरशीवर पडतो. हे सांगायला गाईडला दोन मिनिटे पुरतील. त्याला सांगा, असा आग्रह मात्र आपण धरला पाहिजे.

उरली शॅम्पेन. याबाबत आपल्यात दोन पक्ष आहेत आणि दोघांशीही आमचा मतभेद आहे. एक पक्ष तळघरासाठी कॅथेड्रल उरकतो. दुसरा पक्ष तळघराचे नाव निघताच नाक मुरडतो. तीर्थयात्रेत मद्य कशाला, असे विचारतो. दोघांनाही त्या तळघरात काय आहे हे ठाऊक नाही.

रँसच्या पोटात खडूच्या दगडाच्या जुन्या खाणी आहेत. त्यांतील काही रोमन काळापर्यंत मागे जातात. त्या थंड पोकळ्यांत पुढे मद्याच्या बाटल्या मुरायला ठेवू लागले. पाचव्या शतकात रँसचे बिशप संत निकेज आपल्या मंदिराच्या उंबरठ्यावर मारले गेले. त्यांच्या नावाने शहरात एक मठ उभा राहिला आणि तेराव्या शतकात ह्यूग लिबेर्जिए याने त्याचे देखणे चर्च बांधले. राज्यक्रांतीनंतर ते पाडले गेले. लिबेर्जिएची समाधिशिला आज कॅथेड्रलमध्ये आहे आणि मठाखालची तळघरे मद्यासाठी वापरली जातात. म्हणजे तेथे उतरणारा पर्यटक एका नाहीशा झालेल्या मठाच्या पायात उभा असतो. १९१४ ते १९१८ या काळात तोफगोळ्यांपासून वाचण्यासाठी रँसचे लोक याच तळघरांत राहिले. मुलांच्या शाळा तेथेच भरल्या. बाटल्यांच्या रांगांमध्ये बसून दिव्याच्या उजेडात मुलांनी अक्षरे गिरवली. या मुलांची गोष्ट चषकाबरोबर कोणी सांगत नसेल, तर ती विचारून घ्यावी.

दों पेरिन्यों या बेनेडिक्टाइन संन्याशाने फसफसणारी शॅम्पेन शोधून काढली, हे आणखी एक आवडते खोटे. जवळच्या ओव्हिले येथील मठात १६६८ पासून १७१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते कोठाराची व्यवस्था पाहत. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षे पारखून त्यांचा मेळ घालण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या काळी मद्य बाटलीत फसफसणे हा दोष समजला जाई, आणि तो टाळण्याकडेच त्यांचे लक्ष होते. शोधाच्या चमत्कारापेक्षा अर्धशतकभर चोख बजावलेले हे साधे काम आम्हांला अधिक मोलाचे वाटते. कॅथेड्रलमध्येच १९५४ साली बसवलेली एक खिडकी द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांना वाहिलेली आहे. छाटणी, तोडणी, पिंपे, आसपासच्या गावांची चर्चे, सारे त्या काचांत आहे. वेदीवर जो द्राक्षरस ख्रिस्ताचे रक्त होतो, त्यामागे कोणाचे तरी वाकलेले कंबरडे असते, हे ती खिडकी सांगते. आपल्यातील शेतकरी कुटुंबांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हा तळघरात अवश्य जा. पण आधी ती खिडकी पाहा.

आणखी एक आक्षेप वरचेवर कानी येतो. युरोपातील चर्चे आता ओस पडली, ती वस्तुसंग्रहालये झाली. तेथून आपण काय शिकायचे? यात थोडे सत्य आणि पुष्कळ गर्व आहे. १९०५ च्या कायद्याने रँसचे कॅथेड्रल शासनाच्या मालकीचे आहे, हे खरे. तरीही तेथे मिस्सा होते आणि प्रार्थनेला येणाऱ्याकडून प्रवेशशुल्क घेतले जात नाही. आणि मंदिरे ओस कशी पडू लागतात, याचा एक धडाही येथेच आहे. कॅथेड्रलच्या फरशीवर पूर्वी एक मोठा चक्रव्यूह कोरलेला होता. त्यावरून धावत मुले गोंगाट करतात, म्हणून १७७९ मध्ये तेथील धर्मगुरुमंडळाने तो उखडून टाकला. आज त्याच चक्रव्यूहाची आकृती फ्रान्समधील ऐतिहासिक वास्तूंवर खूण म्हणून झळकते. मुलांना मंदिरातून घालवले आणि त्यांच्या खेळाचे चित्र शासनाच्या पाटीवर गेले. मिस्सेच्या वेळी रडणाऱ्या बाळाच्या आईकडे रागाने वळून पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. रिकाम्या बाकांची सुरुवात कोठून होते, ते दूर फ्रान्सला जाऊन पाहायची गरज पडणार नाही.

वेळ नाही, असे सहल-आयोजक म्हणतील. आठदहा दिवसांत इतकी स्थळे बसवायची तर प्रत्येकाला अर्धाच दिवस मिळणार. आमचे उत्तर सरळ आहे: स्थळे कमी करा. पैसे आपले आहेत, श्रद्धा आपली आहे. मग कार्यक्रम दुसऱ्याने का ठरवावा? रँसला जायचे तर एक पूर्ण दिवस द्यावा. निघण्यापूर्वी धर्मग्रामाच्या सभागृहात दोन संध्याकाळी एकत्र बसून या शहराचा इतिहास वाचावा. तेथे पोहोचल्यावर मिस्सेत सहभागी व्हावे. भाषा कळली नाही तरी मिस्सा कळते. पायी संत रेमींच्या समाधीपर्यंत जावे. याच शहरात १६५१ साली श्रीमंत घरात जन्मलेले संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांनी याच कॅथेड्रलमधील मानाचे पद सोडले, दुष्काळात आपली संपत्ती वाटून टाकली आणि गरिबांच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांमध्ये जाऊन राहिले. शिक्षकांचे ते आश्रयदाते आहेत. आपल्या समाजात शिक्षकी पेशाची घरे थोडी नाहीत. त्यांनी तरी ते जन्मघर पाहिल्यावाचून परतू नये.

आणि अंगणातील त्या शिलेपाशी सर्वांनी थांबावे. देवदूत तेथून जाणार नाही. छायाचित्र नंतर काढता येईल. शिलेभोवती उभे राहून आपल्या मराठीत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हणावी, आणि अपराधांच्या क्षमेची ओळ आली की घाई करू नये. बांधावरून, वाटणीवरून, धर्मग्रामाच्या निवडणुकीवरून ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याचे नाव तेथे मनात आणावे. घरी परतल्यावर त्याच्या दारात जावे. जो जाईल त्याची रँसची यात्रा पुरी झाली असे आम्ही समजू. बाकीच्यांनी केवळ एक सुंदर इमारत पाहिली.